हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरची चंदेरी घडी

पाचनई गावातून हरिश्चंद्रगडाकडे निघालेली वाट काही अंतर कातळाच्या पोटाखालून जाते. पावसाळ्यात वरून पाण्याच्या धारा ओघळत असतात आणि चालणारा त्यांच्या आतल्या बाजूने, जवळजवळ कोरडाच, पुढे सरकतो. गडावर जाणाऱ्या वाटांमध्ये ही सर्वांत सोपी. म्हणूनच मुलाबाळांसह येणारी कुटुंबे बहुधा हीच वाट धरतात. त्यांच्या पाठपिशव्यांत खाऊचे डबे असतात, छत्र्या असतात, अंथरायला एखादी चादरही असते. पण रात्र उघड्यावर काढण्याची वेळ आली तर अंगाभोवती काय गुंडाळायचे, हा विचार मात्र क्वचितच असतो.

हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आणि केदारेश्वराच्या गुहेतील थंडगार पाणी पाहून झाले की पावले पश्चिमेकडे, कोकणकड्याकडे वळतात. मधले पठार उन्हाळ्यात अगदी साधे वाटते. श्रावणात तेथे धुके उतरले की दहा हातांवरचा सोबतीही दिसेनासा होतो आणि कारवीच्या रानात सगळ्या पायवाटा सारख्याच भासू लागतात. २०२३ च्या पावसाळ्यात पुण्याहून आलेला एक लहानसा गट या गडावर अशाच धुक्यात वाट चुकला. भर पावसात रात्र काढावी लागली आणि त्यांतील एक तरुण थंडीने गारठून दगावला. सह्याद्रीत बर्फ पडत नाही, तेव्हा थंडीने माणूस जाणार कसा, असे अनेकांना वाटते. परंतु शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली घसरले की धोका सुरू होतो, आणि त्यासाठी बर्फाची गरज नसते. ओले कपडे, सोसाट्याचा वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले की बारा-पंधरा अंशांची हवाही पुरते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील ऊब ओढून घेते.

या भागातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. भातलावणीच्या दिवसांत तो पाठीवर इरले घेतो, गुराखी डोक्यावरून घोंगडीची खोळ ओढतो. शहरातून आलेल्याला घोंगडीचे ओझे पेलवत नाही. भिजली तर मुळीच नाही. त्याच्यासाठी बाजारात तळहातावर मावणारी चंदेरी घडी मिळते. अतिशय पातळ पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवून ही चादर तयार होते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांसाठी ‘नासा’ने हे तंत्र वापरात आणले. वजन साधारण पन्नास ते साठ ग्रॅम, उलगडल्यावर लांबी सुमारे सात फूट. अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांपैकी बराच मोठा भाग ती परत अंगाकडे वळवते, शिवाय वारा-पाऊस अडवते.

मात्र ती स्वतः ऊब निर्माण करीत नाही. असलेली ऊब जपते, एवढेच. हा भेद लक्षात न घेता ओल्या शर्टावरच ती गुंडाळली तर उपयोग थोडा. आधी ओले कपडे उतरवावेत, कोरडा सदरा किंवा स्वेटर घालावा, डोके व मान झाकावी आणि मग चादर घ्यावी. सोनेरी बाजू आत की चंदेरी, यावर पुष्कळ वाद झडतात. थंडीत चंदेरी बाजू अंगाकडे असावी हे खरे. पण घाईत उलटी घेतली म्हणून फारसे काही बिघडत नाही.

बिघडते ते वाऱ्याने. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला, अंतर्वक्र आहे. पावसाळ्यात त्याच्या कुशीतून वर उसळणारा वारा एवढा जोराचा असतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू पुन्हा वर येते. अशा वाऱ्यात साठ ग्रॅमची चादर दोन हातांनी धरून रात्र काढून पाहावी! हात आखडतात, कडा फडफडतात आणि एकदा काठाला चीर गेली की ती थेट दुसऱ्या टोकापर्यंत धावते. अशा ठिकाणी चादरीपेक्षा पिशवी बरी. गिर्यारोहक हिला बिव्ही बॅग म्हणतात. पायांकडे बंद असलेली ही खोळ अंगावर ओढली की हात मोकळे राहतात आणि वाऱ्याला शिरायला फट उरत नाही. जाडसर, सहसा नारिंगी रंगाच्या साध्या पिशवीचे वजन शंभर ते दीडशे ग्रॅम भरते. धुक्यात शोधणाऱ्यांना चंदेरीपेक्षा नारिंगी रंग लवकर दिसतो, हाही लाभ लहान नाही. तिचा दोष असा की घामाची वाफ आतच साचते आणि पहाटेपर्यंत कपडे दमट होतात. म्हणून तोंड नेहमी बाहेर ठेवावे. श्वासाची वाफ आत सोडू नये. लहान मुलाला अशा पिशवीत एकटे कधीही झोपवू नये. वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या कापडाची पिशवी अडीचशे ग्रॅमच्या आसपास असते आणि बरीच महागही पडते. वारंवार मुक्कामी जाणाऱ्यानेच ती घ्यावी. एका दिवसाच्या कौटुंबिक सहलीला प्रत्येकामागे एक साधी पिशवी पुरेशी आहे. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठपिशवीत असावी. पुढे गेलेल्या काकांच्या पिशवीत असलेल्या चार पिशव्या मागे चुकलेल्या पुतण्याला उपयोगी पडत नाहीत.

पिशवी कितीही चांगली असली तरी खालचा कातळ ऊब शोषून घेतो. दोर, रिकामी पाठपिशवी, जे हाताशी असेल ते खाली घालून त्यावर बसावे.

जैन कुटुंबांसाठी यात आणखी एक सोय आहे. हलक्या आणि उबदार म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक जाकिटांत व झोपण्याच्या पिशव्यांत बदकांची वा हंसांची पिसे भरलेली असतात. ही चादर आणि साधी बिव्ही बॅग यांत प्राण्यांपासून मिळालेले काहीही नसते. जाकीट घेताना कृत्रिम तंतूंचे मागून घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी मात्र एक गणित आधीच मांडावे. शरीर ऊब तयार करते ती अन्नातून. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नसेल तर परतीची वेळ दुपारचीच ठरवावी आणि सूर्यास्तापूर्वीचे खाणे पोटभर असावे. आपत्तीत नियमाचे काय करायचे, हेही घरून निघतानाच ठरलेले बरे. गारठलेल्या माणसाची विचारशक्ती सर्वांत आधी मंदावते.

पिशवीच्या घडीत एक शिट्टी बांधून ठेवावी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा वेळा. ही डोंगरातली मदतीची जुनी खूण आहे. चिकटपट्टीचा एक तुकडाही असू द्यावा, चीर धावण्याआधी ती थांबवायला.

आणि घरी, पावसाळ्यापूर्वी, एखाद्या रात्री गच्चीवर घडी उलगडून पाहावी. पुष्कळ वर्षे कपाटात पडलेल्या चादरीचा मुलामा घड्यांवर उडालेला असतो. एकदा उलगडलेली चादर मूळच्या इवल्याशा पाकिटात परत बसत नाही, हेही तेव्हाच कळते. तिच्यासाठी वेगळी, थोडी मोठी पिशवी शिवून ठेवावी, म्हणजे गडावरच्या कारवीत चंदेरी चिंध्या अडकून राहणार नाहीत.