हाताची साक्ष

कशेळीच्या फर्निचर बाजारात रविवारी येणारी माणसे आधी किंमत विचारत नाहीत, आधी बसतात. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी सोफ्यांची, पलंगांची, जेवणाच्या टेबलांची दुकाने सुरू होतात. नवे घर घेतलेली कुटुंबेच्या कुटुंबे इथे उतरतात. वडील सोफ्याच्या कडेला टेकून पाहतात, मुलगा त्यावर सरळ उडी मारतो, आई गादीवर तळहात दाबते आणि पडलेला खळगा किती वेळात भरतो ते पाहते. आजीला मुद्दाम गाडीत घालून आणलेले असते. ती बसते, आणि मग सगळ्यांचे लक्ष ती उठते कशी याकडे लागते. हात न टेकता उठता आले, तर बोलणी पुढे सरकतात. तोवर कापडाचे गुण सांगणारा दुकानदारही बोलायचा थांबलेला असतो आणि आजीकडेच पाहत असतो.

(राजापूर तालुक्यातली कनकादित्याची कशेळी वेगळी. ही खाडीकाठची, भिवंडी तालुक्यातली.)

याच रस्त्याच्या पाठीमागे, काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली अशा गावांच्या शिवारात खरेदीची अगदी दुसरी रीत नांदते. तिथे गोदामे आहेत, नजर पोहोचेल तिथवर पत्र्याची उंच छपरे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, तरी मुंबईच्या दाराशी, म्हणून माल इथे उतरवून ठेवायची सोय झाली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. मोबाइलवर बोट टेकवून मागवलेला बूट, मिक्सर, बॅट, सायकल इथून खोक्यात बंद होऊन निघते. घेणाऱ्याने ती वस्तू कधी हातात धरलेली नसते. एकाच रस्त्याच्या पुढे-मागे विश्वासाचे दोन प्रकार आहेत: एकीकडे हाताचा, दुसरीकडे वर्णनाचा.

आता कशेळीतल्या एखाद्या नव्या उंच इमारतीत राहणारा, चाळिशीकडे झुकलेला, गोल्फची गोडी नुकतीच लागलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. मित्रासोबत खारघरला सिडकोने उभारलेल्या मैदानावर तो दोनदा जाऊन आला आहे. चेंडू एकदा, फक्त एकदा, हवा तसा उडाला, आणि तो आवाज त्याच्या कानातून जात नाही. त्याला क्लब घ्यायचे आहेत. पडद्यावर पूर्ण संच दिसतो, बॅगेसकट. खोके परवा दारात येईल, कदाचित दोन किलोमीटरवरच्या गोदामातूनच. दुकानात जाऊन मारून पाहायचे तर सुटीचा एक अख्खा दिवस खर्ची पडेल. पाहावे का?

प्रश्न छोटा वाटतो, पण तो खरा आहे आणि पैशाचाही आहे.

गोल्फचा क्लब म्हणजे नुसती काठी नव्हे. डोके, दांडा आणि मूठ हे त्याचे तीन अवयव, आणि प्रत्येकाला आपापले माप असते. डोक्याचा तोंडवळा किती मागे झुकलेला आहे त्यावर चेंडूची उंची ठरते, त्याला लॉफ्ट म्हणतात. क्लब जमिनीवर टेकवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो, तो लाय. दांडा किती लवतो तो फ्लेक्स. मुठीची जाडी आणखी वेगळी. असे जास्तीत जास्त १४ क्लब बॅगेत ठेवता येतात. अमेरिकेत हा नियम १९३८ मध्ये आला. चेंडूचे वजन फार तर ४५.९३ ग्रॅम, आणि डोक्याचा त्याला होणारा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. सारा खर्च, सारी निवड त्या एका स्पर्शासाठी.

लायचा कोन चुकला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब त्याच्या मानाने फार उभा असेल, तर क्लबची टाच, म्हणजे डोक्याची दांड्याकडची कड, आधी मातीत रुतते, तोंड डावीकडे वळते आणि चेंडू डावीकडे जातो. फार आडवा असेल तर चोच, म्हणजे डोक्याचे पुढचे टोक, रुतते आणि चेंडू उजवीकडे जातो. माणूस मात्र स्वतःलाच दोष देत बसतो. तो खांदे सुधारतो, पाय सरकवतो, मनगट आवळतो, आणि न झालेली चूक दुरुस्त करता करता खरी चूक अंगात मुरवून घेतो. चुकीच्या मापाच्या चपलेने चाल बिघडावी, तसेच हे. मारून न पाहता घेतलेल्या क्लबची खरी किंमत बिलावर नसते, ती अशी नंतर मोजावी लागते.

मारून पाहण्याचे शहाणपण या भागाला कुणी शिकवायला नको. भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांत थंडी सरली की टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागतात. त्या पोरांना बॅट निवडताना पाहावे. पोरगा बॅट एका हाताने उचलतो, दोनदा हवेत फिरवतो, जमिनीवर टोक आपटून उभा राहतो, पुन्हा उचलतो. वजनकाट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटी त्याच्या हाताला सारख्या लागत नाहीत. लाकूड खाली साठलेले असेल तर बॅट जड उचलते, वर असेल तर हलकी. मग तो चेंडू घेऊन पात्यावर टकटक करतो आणि कान लावून ऐकतो. गोल्फवाले ज्याला स्विंगवेट म्हणतात आणि आकड्या-अक्षरांत लिहितात, ते त्या पोराला एका शब्दात कळते: उचल. त्याच्याही मागे जायचे तर विटीदांडूचा दांडू आहेच. तो कुणी विकत आणत नसे. फांदी तोडायची, धरून पाहायची, जास्तीची लांबी छाटायची. ज्याच्या हाताचा दांडू त्याचाच.

मिरजेत हीच गोष्ट सुरांची होते. तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरीचा उगम शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांत सांगितला जातो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे येतात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. गाणारा तिथे जातो, तो तंबोरा नुसता पाहून उचलत नाही. तो आपली पट्टी सांगतो, बसतो, छेडतो. कारागीर घोडीचा माथा कानशीने अगदी केसाएवढा घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, पुन्हा ऐकतो. याला जवारी काढणे म्हणतात. पुरुषाच्या ‘काळी एक’ पट्टीला बसलेली जवारी बाईच्या ‘काळी चार’ पट्टीला तशीच बसेल असे नाही. वस्तू उत्तम असणे आणि वस्तू आपली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर कानशीच्या दोन घासांचे असते.

गोल्फनेही हे कधीकाळी असेच, हातानेच ओळखले होते. पूर्वी दांडे हिकरी नावाच्या लाकडाचे असत. दोन झाडांचे लाकूड सारखे लवत नाही. एकाच झाडाचेही नाही. १९२९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या धुरीणांनी पोलादी दांड्याला मान्यता दिली, तोवर चांगला खेळाडू दुकानामागून दुकाने धुंडाळून एकेक क्लब जमवत असे. १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या बॉबी जोन्सची एक गोष्ट गोल्फच्या जगात आवर्जून सांगितली जाते. त्याने निव्वळ हाताच्या जाणिवेवर निवडलेले लाकडी दांड्यांचे क्लब पुढे यंत्रावर तपासले, तर त्यांची कंपने एकमेकांशी जुळत होती. एकच क्लब जुळेना. आणि त्याच क्लबने आपल्याला कायम त्रास दिला, असे जोन्स आधीपासून म्हणत आला होता.

या गोष्टीतला उरलेला सगळा संच जितका मोलाचा, तितकाच तो एक न जुळणारा क्लबही. हाताने तक्रार केली होती. पुरावा यंत्राने नंतर दिला.

मात्र मारून पाहण्यातही फसगत आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे बरोबर नाही. दुकानात जाळी असते, पायाखाली हिरवी चटई असते, समोर पडद्यावर आकडे. चटई दयाळू असते. चेंडूच्या आधी क्लब जमिनीला लागला तर खऱ्या गवतात तो अडकतो, ढेकूळ उडते, चेंडू चार पावलांवर पडतो. चटईवर तोच क्लब घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. दुसरी फसगत आकड्याची. सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबचा, लॉफ्ट पूर्वी ३५ अंशांच्या आसपास असे. आज बाजारातल्या कितीतरी संचांत तो ३० अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली आणलेला आहे. नव्या सात नंबरने चेंडू लांब जातो, कारण तो जुन्या सहा-पाच नंबरचे काम सात नंबरच्या नावाने करतो. घेणाऱ्याला वाटते, आपली ताकद वाढली. तिसरी फसगत नवेपणाची. नवी वस्तू हातात आली की माणूस सावध होतो, नीट उभा राहतो, आणि पहिले दहा फटके खरेच चांगले बसतात. पन्नासाव्या फटक्याला पाठ दमलेली असते आणि क्लब खरे बोलू लागतो.

म्हणून दुकानात जायचे तर आपला रोजचा, किंवा मित्राकडून मागून आणलेला, एक जुना क्लब सोबत न्यावा. त्याने आधी मारावे, मग नव्याने, मग पुन्हा जुन्याने. सर्वांत लांब गेलेल्या चेंडूवर भुलू नये. दहा चेंडू कुठे कुठे पडले, त्यांचा पसारा किती, ते पाहावे. अंगणात वाळत घातलेल्या गव्हासारखे विखुरले असतील तर क्लब ठेवून द्यावा. सुपात मावतील इतके जवळ पडले असतील तर किंमत विचारायला हरकत नाही. आणि शक्य असेल तर त्या दिवशी घेऊच नये. आठ दिवसांनी, वेगळ्या वेळी, थोडे दमून पुन्हा जावे.

आवाजही ऐकावा. मूळचे नॉर्वेचे आणि अमेरिकेत इंजिनिअर असलेले कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ च्या सुमाराला घराच्या गॅरेजमध्ये एक पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब, बनवला. चेंडूला लागला की तो टणत्कार करी. त्या आवाजावरूनच त्यांनी ‘पिंग’ हे नाव ठेवले. खेळाडूच्या उंचीप्रमाणे आणि हातांच्या लांबीप्रमाणे लायचा कोन बदलून देणारी, रंगीत ठिपक्यांनी ओळखायची पद्धत रुळवली ती याच घराण्याने. कारखान्यातून निघालेला प्रत्येक क्लब प्रत्येकाला बसणार नाही, हे कारखानदाराने स्वतःच मान्य करणे ही साधी गोष्ट नव्हती.

आणि तरीही चेंबूर आहे.

बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून चेंबूरला आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली मुले तिथे कॅडी म्हणून बॅगा वाहतात. घरी परतल्यावर त्यांच्यातल्या काहींनी लोखंडी सळई वाकवून क्लब केले आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत, दोन घरांच्या मधल्या बोळात गोल्फ मांडला. पोलंडच्या तोमाश गुदझोवाती या छायाचित्रकाराच्या फोटोंतून तो खेळ जगाने पाहिला. त्या फोटोंतली पोरे नीट पाहावीत. पत्र्याच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये डोके स्थिर ठेवून, खांदे पूर्ण वळवून चेंडूकडे पाहणारा मुलगा. सळईला ना लॉफ्टचा अंश, ना लायचा. तिकडे स्पेनच्या पेद्रेन्या गावात सेव्हे बायेस्तेरोस नावाचा पोरगा समुद्रकाठच्या वाळूत एकाच जुन्या तीन नंबरच्या आयर्नने सगळे फटके शिकला: उंच, बुटके, वळणारे, वाळूतून अलगद उचललेले. पुढे त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

त्यांच्यापुढे निवड नव्हतीच. त्यांनी हात वस्तूला बसवला. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी ही उदाहरणे नाहीत. बोळातल्या त्या मुलाला मापाचा क्लब मिळायला हवा होता, आणि कुणी न्याय विचारला तर सर्वांत आधी त्यालाच मिळायला हवा होता. पण ही मुले एक गोष्ट स्पष्ट दाखवतात. क्लब पारखायचा तर पारखणारा हात आधी तयार व्हावा लागतो, आणि तो दुकानात तयार होत नाही.

कशेळीच्या त्या माणसाचा प्रश्न इथे उलटा फिरतो. तो आज दुकानात गेला तर यंत्र कशाचे माप घेईल? दोन रविवारच्या स्विंगचे, म्हणजे क्लब फिरवण्याच्या लकबीचे. तो स्विंग महिन्याभरात बदलणार आहे. कुणी शिकवणारा भेटला तर आठवड्यात बदलेल. आजच्या वाकड्या फटक्याला बसवलेला क्लब उद्याच्या सरळ फटक्याला वाकडा ठरेल. वाढत्या वयाच्या पोराला लग्नातला कोट मापून शिवावा, तसे ते होईल. त्याने अजून संच घेऊच नये: ना पडद्यावरून, ना मारून पाहून. मैदानावर भाड्याने मिळतात ते घ्यावेत, मित्राचा सात नंबर मागावा, एखादा जुना पटर वापरलेल्या मालातून उचलावा.

तोवर तपासाची एक घरगुती युक्ती त्याला पुरेल. क्लब बसवून देणारे कारागीरही तीच वापरतात. क्लबच्या तळाला चिकटपट्टी लावायची, कडक फळीवर चेंडू ठेवून मारायचा आणि क्लब उलटा करून पट्टीवरचा ओरखडा पाहायचा. पहिल्या दिवशी ओरखडे सगळीकडे असतील, एक टाचेकडे, एक चोचीकडे, एक मधोमध. झिजलेली चप्पल हातात घेऊन चांभार ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने ते पाहावेत आणि पट्टी फेकून द्यावी. पंधरा दिवसांनी नवी लावावी. मग पुन्हा. असे करता करता एखाद्या सकाळी पट्टी उलटी केल्यावर दहाच्या दहा ओरखडे एकाच ठिकाणी, समजा टाचेकडे बोटभर, एकावर एक पडलेले दिसतील. त्या दिवशी मित्राचा क्लब पुसून परत करावा, ती पट्टी खिशात घालावी आणि दुकानाची वाट धरावी.