हीटरची गळती

विलायतेंत १९४८ सालीं अवतरलेल्या मॉरिस मायनर जातीची एक मोटार पुण्यांत आमच्या पदरीं म्हातारी होत आहे. इंजिनाचें तापलेलें पाणी खेळवून ऊब देणारी हीटरची पितळी जाळी यंदा गळूं लागली. पायांखालीं ओल, कांचेवर वाफ, ग्लायकोलचा गोडसर वास! कोणी हळद सुचविली. पण ती छिद्राबरोबर बारीक नळ्याहि बुजविते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, जाळी वगळून दोन्ही नळ्या जोडूं, पुण्यास ऊब हवी कोणाला?" आम्हीं जाळी काढविली. पाण्यांत बुडवून हवा भरतांच बुडबुड्यांनीं छिद्र दाखविलें. तेथें डाख लावविला. रोज उपयोगी न पडणारें वगळावें, हा न्याय आम्हां पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांस परवडणारा नाहीं!