घोड्यापर्यंत पोचणारा आवाज

सॅक्सोफोन वाजवतो म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या कंपनीचा? माउथपीस कुठला, हे कुणी विचारत नाही. पण तो सोनेरी, वाकडा, फोटोत झकास दिसणारा भाग मुख्यतः स्वर वर-खाली करायच्या कामाचा. आवाज जन्मतो तो तोंडात. बोटभर लांबीचा एक तुकडा आणि त्यावर बांधलेली रीड, बस्स.

आमच्या घरात हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त वाद्य वेगळं होतं. आज्जा सनई वाजवायचा. पत्ती स्वतः बांधायचा, आणि जादाच्या पत्त्या दोऱ्यात ओवून सनईलाच लटकवलेल्या असायच्या. अण्णांनी सनई सोडून बँडमध्ये सॅक्सोफोन धरला. बार्शीजवळच्या आमच्या गावातला बँड, लाल ड्रेस, खांद्यावर सोनेरी झुपके. त्यांचा अल्टो सॅक्सोफोन मेरठच्या जली कोठीतून आणलेला, जिथून देशभरातल्या बँडपार्ट्यांची वाद्यं येतात. आणि त्यावर एक जुना धातूचा माउथपीस. त्याच्यावर कुठलंही नाव नाही, दातांनी घासून वरचा मुलामा गेलेला.

मी याच माउथपीसवर शिकलो. नंतर पुण्यात नोकरी लागली, तिथे एका सरांकडे जायला लागलो, आणि चार जणांचा एक ग्रुप जमला. गिटार, बास, ड्रम्स, मी. आम्ही छोट्या जागांमध्ये वाजवतो, चाळीस-पन्नास माणसं असतात, समोरच्या टेबलावरचा माणूस कॉफी ढवळतो त्याचा आवाज ऐकू येतो. तिथे अण्णांचा माउथपीस काढला की बास वाजवणारा मित्र कान झाकायचा. सर म्हणाले, ‘‘तुझ्या हातात वाद्य आहे, पण तोंडात भोंगा आहे.’’

मला राग आला, कारण तो भोंगा ज्या कामासाठी आहे ते काम सरांनी कधी केलेलं नाही.

ते काम काय असतं, ते सांगतो. मे महिना, दुपारचे चार, नवरदेव घोड्यावर. मागे ताशा, बाजूला ट्रंपेट, रस्त्यावर ट्रक. सॅक्सोफोनचा आवाज घोड्यापर्यंत पोचायला हवा, कारण नवरदेवाचा मामा तिथे उभा असतो आणि नोटा मामाच्या खिशात असतात. अशा ठिकाणी गोलाई, ऊब वगैरे गोष्टी कुणाला दिसत नाहीत. हवा फाडत जाणारा आवाज लागतो. अण्णांचा माउथपीस तेच करतो.

धातूचा म्हणून तो मोठा आवाज देतो असं मलाही वाटायचं. खरं कारण आत असतं. माउथपीसच्या टोकापासून आत जाताना जो उतार लागतो त्याला बॅफल म्हणतात. हा उतार उंच असला, म्हणजे रीडच्या अगदी जवळ आला, की हवेची वाट अरुंद होते आणि आवाजात वरचे, टोकदार स्वरांश भरपूर येतात. त्याच्या मागची पोकळी म्हणजे चेंबर. ती लहान तर आवाज धारदार, मोठी तर गोल. अडोल्फ साक्सने 1846 मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, त्या काळच्या माउथपीसची पोकळी चांगली मोठी आणि गोल होती. पुढे या वाद्याला ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या गर्दीत उभं राहावं लागलं आणि पोकळी आक्रसत गेली. म्हणजे वरातीचा प्रश्न अमेरिकेतल्या बिग बँडवाल्यांनाही पडला होता, फक्त त्यांच्याकडे घोडा नव्हता.

तिसरी गोष्ट टिप ओपनिंग, म्हणजे माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांतली फट. दुकानदार आकडे सांगतात ते बहुतेक याचेच. सेल्मरच्या एस 80 मालिकेतला ‘सी स्टार’ जगभरचे विद्यार्थी वापरतात, त्याची फट 1.70 मिलिमीटर. जॅझवाल्यांचा लाडका मेयर 5, त्याची साधारण 1.80. फरक वहीच्या एका कागदाएवढा. हसू नका, ओठांना तो कागद कळतो. फट मोठी तर रीड मऊ घ्यावी लागते, फट लहान तर कडक. त्यामुळे माउथपीस बदलला की रीडचा नंबरही बदलतो, आणि दहा रीडचा नवा डबा घ्यायचा खर्च वेगळाच.

एक उदाहरण मला फार आवडतं. 1959 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत काही महिन्यांच्या अंतराने दोन रेकॉर्ड झाल्या, ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘टाइम आउट’. दोन्हींत अल्टो सॅक्सोफोन आहे. पहिल्यात कॅननबॉल अ‍ॅडर्ली, दुसऱ्यात पॉल डेस्मंड. वाद्याचा प्रकार तोच, स्टुडिओ तोच, आणि आवाज? एक माणूस जेवण झाल्यावर मोठ्याने हसत गप्पा मारतोय, दुसरा खिडकीत उभा राहून स्वतःशी बोलतोय. कॅननबॉलचं नाव मेयरशी जोडलं जातं, डेस्मंडचं ग्रेगरीशी. पुढे डेव्हिड सॅनबॉर्नने धातूचा डुकॉफ लावून रॉकच्या गिटारींमधून आरपार जाणारा अल्टो वाजवला. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थेट वरात आठवली होती.

अर्थात नुसता माउथपीस विकत घेऊन कुणी डेस्मंड होत नाही. मनोहारी सिंग यांनी ‘कश्मीर की कली’त (1964) जो सॅक्सोफोन वाजवला तो आमच्या बँडमध्ये प्रत्येकाने घासला आहे, आणि प्रत्येकाचा वेगळा वाजतो. घसा, जीभ, दातांची ठेवण यांचाही हिस्सा असतोच. पण चुकीच्या मापाची चप्पल घालून किती पळणार?

मुंबईला एका दुकानात दोन तास बसायची परवानगी मिळाली. स्वतःची रीड आणि स्वतःचा नेक घेऊन गेलो होतो. समोर सी स्टार, मेयर 5 मीडियम चेंबर, आणि एक उंच बॅफलचा धातूचा नवा पीस. आधी प्रत्येकाची पोकळ तपासणी केली. रीड बांधायची, मागचं भोक तळहाताने बंद करायचं, तोंडाने हवा ओढून घ्यायची आणि तोंड काढायचं. क्षणभर रीड चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ आवाज आला, तर रीड सगळीकडून नीट बसते आहे. मग नुसता माउथपीस फुंकायचा. अल्टोच्या माउथपीसमधून पांढरी सहा, म्हणजे 880 हर्ट्झच्या जवळपासचा ‘ए’ यावा, असं शास्त्रीय पद्धतीत शिकवतात. जॅझवाले ओठ सैल ठेवून त्याच्या खालीच राहतात. माझा बराच वर गेला. वरातीत दात आवळून वाजवायची सवय, दुसरं काय.

त्यानंतर वाद्यावर. लोक दुकानात गेले की वेगवान तुकडे वाजवतात, आणि वेगात सगळंच बरं वाटतं. मी सगळ्यात खालचा सूर अगदी हळू वाजवून पाहिला. सी स्टार लगेच बोलला, प्रत्येक सूर एकसारखा, इस्त्री केलेला. तो चांगला आहे, पण मला त्याच्यात शाळेत बसल्यासारखं वाटलं. धातूचा नवा पीस वर चमकला आणि खाली गुरगुरला. मेयरवर खालचा सूर श्वासासकट आला, आणि जोर लावला तर तो फाटला नाही, रुंद झाला. फोनवर तिन्ही रेकॉर्ड केले, बाहेर चहा पिताना नंबर न बघता ऐकले. तिन्ही वेळा बोट मेयरवर गेलं. एका सुपारीत माझ्या वाट्याला जे येतं त्याच्या कितीतरी पट किंमत होती. घेतला.

गावी गेल्यावर अण्णांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. ‘‘रबर हाय व्हय?’’ म्हणाले. कडक रबर, एबोनाइट. वाजवून दाखव म्हणाले. मी अंगणात वाजवला. ते उठून रस्त्यापर्यंत गेले, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, तिथे थांबून कान दिला. परत आले, पायऱ्यांवर बसले.

‘‘ग्वाड हाय. घोड्यापतोर जायाचा न्हाई.’’

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘‘म्हंजी यंदा सीझनला येनार न्हाईस तू?’’

हे मी दुकानात ठरवत होतो हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटत होतं मी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाबद्दल ठरवतोय. आमच्याकडे आता सुपाऱ्या निम्म्यावर आल्यात, उरलेल्या डीजे आणि बेंजो घेऊन जातात. अल्टो वाजवणारे दोघंच, एक अण्णा आणि एक मी. अण्णांचे वरचे दोन दात हलतात, आणि सॅक्सोफोनमध्ये वरचे दात माउथपीसवर टेकवावेच लागतात.

‘‘येणार की,’’ मी म्हणालो.

तेव्हापासून केसमध्ये दोन्ही असतात. नोव्हेंबरात, पुन्हा एप्रिल-मेमध्ये, सुट्ट्या जोडून गावी जातो आणि अण्णांचा धातूचा पीस लावतो. उन्हात तो ओठाला चटका देतो, म्हणून वर रबराचा छोटा पॅच चिकटवलाय. मेयर तिथे नेतच नाही. एबोनाइट उन्हात राहिलं की हिरवट पडतं आणि त्याला गंधकाचा वास सुटतो. पुण्यात परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस ओठ नव्या मापाला येत नाहीत, सूर चढे लागतात, आणि सर कपाळाला हात लावतात. त्यांचं म्हणणं, एकच पीस ठेव. वाजवणारा म्हणून ते बरोबर आहेत.

दोन्हींची भोकंही सारखी नाहीत. नेकवरचा कॉर्क मेयरच्या मापाचा आहे, त्यावर अण्णांचा पीस ढिला बसतो. म्हणून सीझनला मी कॉर्कभोवती वर्तमानपत्राची एक पट्टी गुंडाळतो. गेल्या मेमध्ये ती पट्टी अण्णांनीच कापून दिली, लग्नपत्रिकेच्या पाकिटातून. म्हणाले, ‘‘ह्यो कागद जाड हाय, टिकल.’’