पडवीतील दिवा

नेकनूरच्या एका सुताराने घराच्या पडवीतच आपले काम मांडले आहे. एरवी अंगणाचा उजेड त्याला पुरतो. परंतु मृग जवळ आला, की दुरुस्तीसाठी तिफणी येऊ लागतात आणि रात्रीही पटाशी चालते. पूर्वी ६० वॅटचा दिवा त्याच्या पाठीमागे लोंबत असे. त्यामुळे त्याचीच सावली लाकडावर पडे आणि धारदार पटाशी नेमकी त्या काळोखात फिरे. बोटे वाचत, ती केवळ सवयीने!

मोठा दिवा घ्यावा, असे शेजाऱ्यांनी सुचविले; विजेचे बिल त्यांना थोडेच भरावयाचे होते! त्याने उलट ९ वॅटचा एलईडी दिवा आणला. प्रकाश जवळजवळ तेवढाच. परंतु रोज पाच तास लावला, तरी महिन्याकाठी ९ युनिटांऐवजी १.३५ युनिट वीज लागते. निळा प्रकाश देणारा एलईडी साधला, म्हणूनच असा पांढरा दिवा घडला. त्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक लाभले.

तथापि, खरी किमया जागेची. उजव्या हाताची सावली कामावर पडू नये, म्हणून त्याने दिवा समोर डावीकडे टांगला आणि बराच खाली घेतला. दिव्याचे अंतर निम्मे केले, की उजेड सुमारे चौपट होतो. काळवंडलेल्या भिंतीला त्याने चुनाही दिला. लाकडावरची पेन्सिलीची रेघ आता रात्रीही स्पष्ट दिसते.