जळून फुलणारे रान

आफ्रिकेतले रान म्हटले की सिंह, हत्ती आणि पुरुषभर उंचीचे गवत डोळ्यांपुढे येते. केपटाउनच्या टेबल माउंटनवर मी चढलो, तेव्हा यांतले काहीच दिसले नाही. १०८६ मीटर उंचीच्या त्या सपाट माथ्याच्या डोंगरावर सारी कमरेएवढी झुडपे. पाने बारीक, चिवट, काहींची तर सुईसारखी. आफ्रिकान्स भाषेत या रानाला ‘फेनबॉस’, म्हणजे बारीक झुडूप, म्हणतात. नाव गरिबाचे, पण वैभव पाहा! केपच्या या लहानशा मुलखात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक जगात दुसरीकडे कोठेही आपणहून उगवत नाहीत. इथल्या राजप्रोटियाचे फूल तर ताटलीएवढे होते.

पाऊस इथेही जून ते ऑगस्टातच पडतो; पण तो इथला हिवाळा. उन्हाळा कोरडा आणि वाऱ्याचा. मग वणवे लागायचेच. नुकत्याच जळालेल्या एका उतारावर काळ्या काड्यांच्या बुडाशी मला बोटबोट हिरवे कोंब दिसले. कित्येक प्रोटियांची बोंडे आगीनंतरच उकलतात. काही बिया मुंग्या खाऊच्या लोभाने आधीच जमिनीखाली नेऊन ठेवतात. आणि काहींना जाग येते ती चक्क धुराने! हे गुपित शास्त्रज्ञांना १९९० च्या सुमारास कळले.

मात्र वणवा वेळेवर यायला हवा. दहापंधरा वर्षांनी आला तर नवा जन्म. रोपे बी धरण्याआधीच पुन्हा आला तर वंश बुडाला! त्यात माणसाने परदेशातून पाइन वृक्ष आणून लावले. ते पाणी फार पितात आणि पेटले की आग भडकवतात. दुष्काळामुळे २०१८ साली शहराचे नळ बंद पडायची पाळी आली होती. एप्रिल २०२१ मधला वणवा तर डोंगर उतरून विद्यापीठात शिरला आणि ग्रंथालयाचे जुने वाचनदालन जळून गेले.

म्हणून इथे पाइन तोडतात, आणि शेजारपाजारचे लोक कळवळून विरोध करतात. दुपारी फिरायला सावली कोणाला नको असते? ‘झाडे लावा’ हेच ऐकत आपणही वाढलो. पण त्या दाट सावलीत फेनबॉस गुदमरतो. शहराजवळच्या टोकाई भागात पाइन काढून जमीन जाळली, तेव्हा कित्येक वर्षे मातीत निजलेले बी उगवून आले. इतकी वर्षे ते बिचारे आगीचीच वाट पाहत होते!