बोट लागली नव्हती

गतवर्षीं दाभोळच्या खाडींत घरची मंडळी आमच्या लहानशा मोटारलाँचमधून फिरावयास नेली होती. केबिनमध्यें निजलेल्या धाकट्या पुतणीचें डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें. 'बोट लागली,' म्हणून वहिनींनीं लिंबू दिलें; आम्हींही मान डोलावली. पण वर मोकळ्या हवेंत आणतांच पोरीला बरें वाटलें, तेव्हां आमच्या मनांत पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशीं एंजिनाजवळ वांकून पाहिलें, तों धूर बाहेर नेणाऱ्या रबरी नळीच्या सांध्याशीं काजळी आणि मिठाचे पांढरे ओघळ! या नळींत धुराबरोबरच समुद्राचें पाणी सोडलेलें असतें. त्यानें धूर निवतो, म्हणूनच रबर टिकतें. ती फुटली कीं पाणी लाँचमध्यें आणि धूर माणसांत. पेट्रोलच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. लक्षणें मात्र हुबेहूब बोट लागल्याचीं.

जुनी नळी ओढून निघेना. अखेर लांबीनें चिरून काढली. बाहेरून धडधाकट दिसणारी ती आंतून पापुद्रे सुटून निम्मी बुजली होती. मोटारगाडीची स्वस्त नळी चालेल, असें दादांचें म्हणणें. एरव्हीं आम्ही त्यांचा शब्द मोडीत नाहीं; या वेळीं मोडला. पोटांत तारेचा वेढा असलेली, बोटीच्याच कामाची नळी आणली, साबणाच्या पाण्यानें सरकवली, दोन्ही टोकांना दोन दोन पोलादी पट्टे आवळले आणि एंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्यावरून कोरडें फडकें फिरविलें.

वहिनींना खरें कारण सांगावयास मात्र आम्हांला आठ दिवस लागले.