पाइप वाकतो कसा?

आपल्याच तालुक्यातल्या वाळूज एमआयडीसीत एका शेडमध्ये सायलेन्सरचा पाइप वाकवताना पाहिलं होतं. आत मॅन्ड्रेल नसेल तर बाहेरची बाजू पातळ पडते, आतून सुरकुत्या येतात, गोल पाइप चपटा होतो. सोडला की थोडा मागे येतो, म्हणून कारागीर मुद्दाम जास्तच वाकवतो.

मग जायकवाडीहून संभाजीनगरला टाकलेला २५०० मिमी व्यासाचा पाइप कसा वाकवतात? एवढ्या मोठ्या पाइपचं वळण बहुतेक वेळा वाकवून होत नाहीच. तिरपे तुकडे कापून वेल्डिंगने जोडतात. पण पाण्याला वळायचं नसतं ना! दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब धरला, तरी काटकोनी वळणावर साडेतीनशे टनांच्या आसपास रेटा बसतो. तो पेलायला काँक्रीटचा भक्कम ठोकळा लागतो.

आमच्या गल्लीतली लाइन दोनदा फुटली, दोन्ही वेळा वळणावरच. मी बातमीत ‘पाइप फुटला, नागरिकांचे हाल’ एवढंच लिहिलं. जोड कुणी तपासला, ठोकळा होता का, हे विचारलंच नाही. चूक माझी.

मंडळी, पुढच्या वेळी नारळ फुटताना टाळ्या जरूर वाजवा. पण वळणावरचा जोड तपासला का, तेवढं विचाराच.